डावीकडची काच : पिकअपच्या दाराची गोष्ट

या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास बघतो. आजची वस्तू म्हणजे गाडीच्या दाराची काच. तीही आलिशान मोटारीची नव्हे, भाजी, सिमेंट, दुधाचे कॅन वाहणाऱ्या साध्या पिकअपची. ही काच वरखाली करायला अजूनही अनेक गाड्यांत हँडल फिरवावं लागतं, आणि दाराला कुलूप लावायचं तर प्रत्येक दाराची खुंटी वेगळी दाबावी लागते. ज्याला हे नको असतं तो बाजारात जातो, मोटर आणि लॉकचं किट विकत घेतो आणि मिस्त्रीकडून बसवून घेतो.

तुम्ही विचाराल, यात इतिहास कुठे आला? बटण दाबून काच हलवण्याची सोय १९४० साली बाजारात आली. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्याही आधी. मग ती साध्या पिकअपपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला? खर्च हे उत्तर लगेच सुचतं आणि ते खोटंही नाही. पण माझ्या मते ते अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं शोधण्यासाठी आधी काचेकडे आणि मग गाडी विकत कोण घेतं याकडे बघायला हवं.

सुरुवात हँडलपासून करू. अगदी जुन्या बंद मोटारींत, घोड्याच्या बग्गीत असायचा तसा, काचेला चामड्याचा पट्टा असे. पट्टा ओढून काच वर घ्यायची आणि अडकवायची. मग दाराच्या आत एक यंत्र आलं. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ 'काचेचं मशीन' म्हणतात. हँडलच्या मागे एक छोटं दातेरी चाक, त्याला जोडलेला पंख्याच्या आकाराचा मोठा दातेरी पत्रा, आणि त्या पत्र्याला जोडलेल्या कात्रीसारख्या दोन पट्ट्या. हँडल फिरलं की कात्री उघडते आणि काच वर जाते. हँडलच्या मुळाशी एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. हात फिरवतो तेव्हा ती सैल होते, पण काचेच्या वजनाने चाक उलटं फिरू लागलं तर ती घट्ट आवळते. म्हणून हँडल सोडलं तरी काच खाली पडत नाही. वीज नाही, वायर नाही, फ्यूज नाही. बॅटरी उतरली तरी चालतं. इतकं साधं यंत्र इतकी वर्षं टिकलं, त्यात नवल नाही.

बटणाची सुरुवात मात्र विजेच्या मोटरने झाली नव्हती. १९४० साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४१ च्या महागड्या १८० मालिकेत जी सोय दिली, ती तेलाच्या दाबावर चालणारी होती. वीज फक्त पंप चालवायची. दाबाखालचं तेल नळीतून प्रत्येक दारात जायचं आणि काच उचलायचं. टप उघडझाप करणाऱ्या मोटारींत असाच पंप वापरला जात असे. पण दारात तेलाची नळी म्हणजे गळतीला आमंत्रणच. पुढे १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये प्रत्येक काचेला स्वतःची विजेची मोटर आली आणि तेलाची गरज संपली.

या मोटरमधली एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. याला वर्म गिअर म्हणतात. स्क्रू चाकाला फिरवू शकतो, पण चाक उलट जोर लावून स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे करंट बंद झाला की काच जिथल्या तिथे थांबते, आणि बाहेरून कोणी ती दाबून खाली सरकवू म्हटलं तर सहज सरकत नाही. हँडलमधल्या त्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचं काम इथे आट्यांनी उचललं.

कुलपाची गोष्ट तर आणखी जुनी. १९१४ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ या गाडीत विजेवर चालणारं दाराचं कुलूप होतं. नंतर ते जवळजवळ विस्मरणात गेलं आणि १९५६ मध्ये पुन्हा पॅकार्डनेच ते आणलं. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनोने फुएगो गाडीत लांबून बटण दाबून उघडणारं सेंट्रल लॉक दिलं. शोधणाऱ्याचं नाव पॉल लिपशुट्झ, म्हणून फ्रेंच लोक त्या किल्लीला 'प्लिप' म्हणू लागले.

आता या यादीतल्या गाड्या बघा. पॅकार्ड, इम्पीरियल, फुएगो. मालवाहू गाडी एकही नाही. अमेरिकेत पिकअप गल्लोगल्ली होत्या, तरी शेवरलेसारख्या कंपनीच्या पिकअपवर ही सोय जास्तीचे पैसे भरून मिळू लागली ती सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. मधे साडेतीन दशकं गेली.

आता आपल्याकडे येऊ. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात काच म्हणजे हँडलच. १९८८ मध्ये पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच पिकअपच्या सांगाड्यावर टाटा सिएरा उभी राहिली. मागे मोठी वळलेली बंद काच, बाजूंना दोनच दारं. भारतात बनलेल्या ज्या पहिल्या काही गाड्यांत पॉवर विंडो आल्या, त्यांतली ही एक.

ही जोडी मला फार बोलकी वाटते. खालचा सांगाडा एक, कारखाना एक, दारंही दोन्हीकडे दोनच. म्हणजे 'पिकअपच्या दारात मोटर बसत नाही' असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तरी सिएराला बटण मिळालं आणि टाटामोबाइलला हँडल. फरक एवढाच, की सिएरा विकत घेणारा बहुधा ती स्वतः चालवणार होता किंवा निदान तिच्यात बसणार होता. पिकअप विकत घेणारा अनेकदा तिच्यात बसणारच नव्हता. तो दुकानात किंवा गोदामात बसून किती माल जातो, किती डिझेल लागतं आणि हप्ता किती, एवढंच बघणार होता. काच फिरवणारा हात त्याचा नव्हता.

मालकाची बाजूही ऐकायला हवी. पिकअप एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. जेवढी जास्त यंत्रं, तेवढ्या बिघाडाच्या जागा जास्त. पावसात पाणी दारात शिरतं, धुळीने मोटर दमते. हा हिशेब खोटा नाही. पण त्यात एक रकाना कायम रिकामा राहिला, तो चालवणाऱ्याच्या कमरेचा.

कमर इथे कुठून आली? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून ड्रायव्हर उजवीकडे बसतो. फुटपाथ, दुकानं, वाटसरू हे सगळं डावीकडे. पत्ता विचारायचा तर डावीकडे. गोदामाचा रखवालदार येतो डावीकडून. पावती, चलन, 'माल कुठे उतरवायचा' हे सगळं बोलणं डाव्या काचेतून होतं. म्हणजे कामाची काच हाताशी असलेली नव्हे, पलीकडची. एकटा ड्रायव्हर ती उघडणार कशी? गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा, सीटवर आडवं व्हायचं, हात लांब करून हँडलचे पाच-सहा फेरे मारायचे, आणि बोलणं झालं की पुन्हा तेच. दिवसातून वीस ठिकाणी माल उतरवायचा असेल तर चाळीस वेळा हे आडवं होणं आलं.

पूर्वी हे काम कोण करत होतं? क्लीनर! ट्रकवर डावीकडे बसलेला पोरगा. साइड बघायची, पत्ता विचारायचा, काच वरखाली करायची, रात्री आतून दार लावायचं. आपल्या मालवाहू गाड्यांची पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक म्हणजे हा क्लीनर होता. जोवर तो होता, तोवर बटणाची गरज कोणाला जाणवली नाही.

२००५ मध्ये टाटा एस आली, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो. गल्लीबोळात शिरणारी, छोट्या खेपा मारणारी. पिकअपही शहरात वाढल्या. या छोट्या गाड्यांच्या भाड्यात दोन माणसांचा पगार निघणं अवघड. हळूहळू डावी सीट रिकामी झाली. क्लीनर गेला, पण त्याची कामं गेली नाहीत. ती एकट्या ड्रायव्हरच्या अंगावर आली. त्यात दाराच्या कुलपाची काळजी वेगळीच. सिग्नलला गाडी थांबली, डावं दार उघडं राहिलं, आणि कोणी हात घालून सीटवरचा मोबाइल किंवा वसुलीची पिशवी उचलली, तर मालकाला उत्तर द्यायचं ड्रायव्हरनेच.

इथे बाहेरच्या बाजाराचं काम सुरू होतं. दिल्लीचं करोल बाग, बेंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड, या बाजारांत गाडीच्या सोयीसुविधा सुट्या मिळतात. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांनी सुरक्षेची आणि सेंट्रल लॉकची किट घराघरांत ओळखीची केली. कारखान्याने जे दिलं नाही ते गल्लीतल्या मिस्त्रीने दिलं. मोटारींच्या इतिहासाच्या पुस्तकांत या माणसांना सहसा जागा मिळत नाही.

हे काम नीट समजावं म्हणून मी इंदूरमध्ये एका दुकानासमोर पूर्ण दिवस बसलो. एक पिकअप आली. चालवणारा स्वतःच मालक, पहाटे मंडईत भाजी पोचवणारा. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत सांगतो.

"दोन्ही दारांना मोटर बसवायची ना?" मिस्त्रीने विचारलं.

"उजवीकडची राहू दे उस्ताद. ती माझ्या हाताशी आहे. डावीकडची तेवढी करून द्या."

मिस्त्री हसला. "भैया, किटमध्ये मोटरी दोन येतात. एक काय घरी नेऊन पंख्याला लावणार?"

शेवटी दोन्ही बसल्या. पण गरज नेमकी कुठे आहे, हे त्या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं.

काम असं झालं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. हँडलची क्लिप काढली, डोअर पॅड उचललं, आतला प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवला. काच वर घेऊन चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला बांधली, नाहीतर मशीन सुटताच ती आत पडते. किट दोन प्रकारची असतात. एकात मोटर जुन्या हँडलच्या दांड्यावरच बसते आणि जुनंच मशीन फिरवते. दुसऱ्यात संपूर्ण मशीनच बदलतं. पहिलं स्वस्त आणि लवकर होणारं, पण जुनं मशीन झिजलेलं असेल तर मोटर त्याच्याशी झगडत राहते. म्हणून मिस्त्रीने मोटर लावण्याआधी काचेच्या खाचेतलं रबर बघितलं. कडक झालेलं होतं, बदललं. नव्यात सिलिकॉनचा फवारा मारला. ग्रीस लावलं नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि खाच पुन्हा जाम होते.

सगळ्यात वेळ गेला वायर दारात नेण्यात. महागड्या गाडीच्या दाराला त्यासाठी भोक आणि रबरी नळी कारखान्यातूनच असते. साध्या पिकअपच्या दारात वायर जायचीच नसते, म्हणून पत्राही कोरा. बिजागरीच्या बाजूला भोक पाडलं, धार कानसली, गंज लागू नये म्हणून रंग लावला आणि रबरी बूच बसवलं. दार उघडतं-मिटतं तेव्हा तिथली वायर दर वेळी वाकते. ती बारीक तारांची आणि थोडी ढिली हवी. घाईत केलेलं काम सहा महिन्यांनी इथेच तुटतं. किंवा त्याहून वाईट, वायरचं कातडं पत्र्याला घासून शॉर्ट होतं. म्हणून बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

लॉकचं काम त्या मानाने सोपं. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर, दुसऱ्या दारात दोन वायरींची. पहिलीला दोन वायरी हलण्यासाठी आणि उरलेल्या तीन 'मी उघडलो, मी मिटलो' हे कंट्रोल युनिटला सांगण्यासाठी. दुसरी फक्त हुकूम पाळते. मोटरचा दांडा दाराच्या आतल्या लॉकच्या सळईला समांतर बसवावा लागतो. तिरका बसला की लॉक अर्धवट लागतं.

काचेच्या वायरिंगबद्दल मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवा. मोटरला दोनच वायरी असतात. करंट एकीकडून दिला तर काच वर, दुसरीकडून दिला तर खाली. डाव्या दाराच्या बटणाची अर्थ अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बटणामधून फिरून येते. तो म्हणाला, "डावी काच बंद पडली की गिऱ्हाईक डावं दार उघडायला लावतं. मी आधी उजवीकडचं बटण बघतो."

आता एक गंभीर मुद्दा. हँडलला जे जमत नव्हतं ते बटणाला जमतं, आणि ते चांगलं नाही. हँडल फिरवणाऱ्याला हाताला अडथळा कळतो. मोटरला बाळाची मान आणि रबर यातला फरक कळत नाही. परदेशात लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा नियम आले. अमेरिकेत १९७१ पासून चावी बंद असताना काच वर जाता कामा नये असं बंधन आलं. पण खालीवर डुलणारी बटणं तशीच राहिली. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा बटणावर पडला की काच वर. पुढे तिथे असा नियम झाला, की बोटाने वर ओढल्याशिवाय काच वर जाणार नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची झाली, कारण वीज गेली की आतले लोक अडकू शकतात.

बाहेरून बसवलेल्या किटला हे नियम आपोआप लागत नाहीत. ते मिस्त्रीच्या शहाणपणावर असतं. म्हणून किट बसवून घेताना तीन गोष्टी आवर्जून सांगा. करंट चावी चालू असतानाच मिळावा. बटण असं असावं की चुकून दाबल्याने काच वर जाणार नाही. आणि आतल्या खुंटीने दार हाताने उघडलंच पाहिजे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येतो. सोय कोणाला मिळते? पैसे देणारा आणि वापरणारा एकच असेल तर लवकर मिळते. इंदूरच्या त्या भाजीवाल्याला ती एका दिवसात मिळाली, कारण गाडीही त्याची आणि कंबरही त्याची. पगारी ड्रायव्हर दहा वर्षं तीच गाडी चालवेल आणि एक वायरही बदलू शकणार नाही, कारण दार मालकाचं आहे.

जिथे पैसे देणारा आणि वापरणारा वेगळे असतात, तिथे कधीकधी कायद्याला मधे पडावं लागतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करणारा नियम काढला, तो याच विचाराने. ड्रायव्हर उकाड्यात बसतो, खरेदी दुसरा करतो. पण हा नियम साडेतीन टनांवरच्या ट्रकसाठी आहे. एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेल्या पिकअप आणि छोटे हत्ती त्याच्या बाहेर राहतात. क्लीनर ज्यांच्यातून आधी गेला, त्याच या गाड्या.

आणि इतिहासाची गंमत बघा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने विजेवर चालणारी एक साधी पिकअप दाखवली. रेडिओ नाही, रंग नाही, आणि काचेला चक्क हँडल. लोकांनी कौतुक केलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याला हँडल हवं त्याने हँडल घ्यावं. पण स्वतःसाठी निवडलेलं हँडल आणि दुसऱ्याच्या हाताला दिलेलं हँडल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही मालिका बडोदा, हैदराबाद, बेळगाव, इंदूर अशा अनेक ठिकाणचे मराठी लोक बघतात. तुमच्यातल्या कित्येकांची दुकानं, डेअऱ्या, छोटे कारखाने आहेत. तुमच्याकडे पिकअप असेल आणि ती पगारी माणूस चालवत असेल, तर एक दिवस तिच्या डाव्या सीटवर नव्हे, उजव्या सीटवर बसून दिवसभराच्या खेपा करा. प्रत्येक थांब्यावर डावी काच स्वतः उघडा आणि मिटा. संध्याकाळी किटची किंमत विचारायला तुम्ही आपणहून जाल. आणि बजेट कमी असेल तर आधी डावीकडची करून घ्या.